तीस सेकंद हात न हलवता

जानेवारीच्या ६ तारखेला, सरावातल्या सतराव्या गोळीला, माझ्या पिस्तुलातून गोळी सुटल्याच्या आवाजाऐवजी नुसती 'टिक' ऐकू आली. पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तुलाने २५ मीटरवर नेमबाजी शिकायला लागून तेव्हा मला चार महिने झाले होते. चाप पूर्ण मागे आला, हाताला झटका बसला नाही आणि समोरच्या कागदावर नवे छिद्रही पडले नाही. पुढच्या दोन सेकंदांत मी जे केले, ते लिहिताना आजही बरे वाटत नाही. पिस्तूल छातीजवळ ओढून मी ते कलते केले आणि झाले तरी काय, म्हणून स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, खिडकीत डोकावले. नळीचे तोंड त्या वेळी शेजारच्या लेनकडे होते आणि माझे बोट चापावरच होते. मागे उभ्या असलेल्या रेंज अधिकाऱ्यांनी माझे मनगट धरून नळी पुन्हा लक्ष्याकडे वळवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बोट बाहेर. नळी समोर. आता मोजा." किती मोजायचे हेही मला ठाऊक नव्हते.

पिस्तूल त्यांनीच रिकामे केले. त्यानंतर टेबलावरची जाड नोंदवही उघडून त्यांनी एकेक रकाना भरला: तारीख, वेळ, लेन, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची कंपनी, डब्यावर छापलेला लॉट क्रमांक, कितवी गोळी, बिघाडाचे स्वरूप, खेळाडूची कृती. शेवटच्या रकान्यात त्यांनी "शस्त्र बाजूला वळवले, बोट चापावर" असे लिहून वही माझ्यापुढे सहीला सरकवली. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी फक्त नियम सांगितला. माझ्या कार्डावरची जिवंत काडतुसे वापरण्याची परवानगी आजपासून थांबली होती आणि बिघाड-हाताळणीचा वर्ग करून लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच ती परत मिळणार होती.

वर्ग महिन्यातून एकदा भरतो आणि त्यात आठच जागा असतात. अर्जासोबत दोन छायाचित्रे, सुरुवातीला भरलेल्या सुरक्षा-हमीपत्राची प्रत आणि प्रशिक्षकांचे शिफारसपत्र लागते. शिवाय नोंदवहीतला नोंद क्रमांक आणि तारीख अर्जात लिहावी लागते. ही शेवटची बाब मला कोणी आधी सांगितली नव्हती, त्यामुळे केवळ तो क्रमांक उतरवून घेण्यासाठी मला दुसरी खेप करावी लागली. अशी वेळ कोणावर आलीच, तर सही करतानाच नोंदीचा फोटो काढून ठेवावा. जानेवारीचा वर्ग भरलेला होता, म्हणून मला १० फेब्रुवारी मिळाली. शुल्क साधारणपणे ५० काडतुसांच्या दहा डब्यांच्या किमतीएवढे होते आणि ते परत मिळण्याजोगे नव्हते.

त्या पाच आठवड्यांत नेमबाजी सोडून द्यावी असे मला निदान तीनदा वाटले. शेजारच्या लेनमध्ये त्या दिवशी एक कॉलेजमधली मुलगी उभी होती आणि तिचा पाठमोरा आकार मला रात्री दिसायचा. मी हे प्रशिक्षकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, टॉर्च लागली नाही की आपण ती उलटी करून काचेत बघतो. पेन चालले नाही की त्याचे टोक डोळ्यांपुढे धरतो. जन्मभराची सवय आहे ती. पाच आठवडे तिच्यासाठी काही फार नाहीत." मग त्यांनी मला रेंजच्या कपाटातली, माझ्या पिस्तुलासोबत आलेली माहितीपुस्तिका वाचायला दिली. खरे तर ती मी पहिल्याच दिवशी वाचायला हवी होती.

त्या पुस्तिकेतून मला पहिल्यांदा समजले, की एका गोळीमागे किती गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) वरचे काडतूस ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, बसवते, फायरिंग पिन त्याच्या बुडावर आदळते, दारू पेटून गोळी नळीतून निघून जाते, त्याच दाबाने स्लाइड मागे येते, तिचा आकडा रिकामी पुंगळी बाहेर ओढतो, ती खिडकीतून उडते आणि पुन्हा पुढचे काडतूस वर येते. यातला एक टप्पा चुकला की पुढचे सगळे अडते. पॉइंट टू-टूच्या काडतुसात तर जन्मजातच एक उणेपण आहे. मोठ्या काडतुसांच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी पाडणारी वेगळी टोपी असते. इथे ते रसायन बुडाच्या दुमडलेल्या कडेत आतून पसरलेले असते. कडेच्या एखाद्या भागात ते विरळ बसले असेल आणि पिन नेमकी तिथेच आपटली, तर काडतूस पेटत नाही. म्हणूनच या काडतुसांत न उडणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या काडतुसांपेक्षा अधिक असते.

माझे काडतूस मात्र त्या कारणाने फसलेले नव्हते. अधिकाऱ्यांनी ते न उडालेल्या काडतुसांच्या झाकणबंद डब्यात जपून ठेवले होते आणि पुढच्या आठवड्यात भिंग देऊन मला दाखवले. शेजारी त्यांनी माझीच एक उडालेली पुंगळी ठेवली. पुंगळीच्या कडेवर पिनेची खोल, धारदार खूण होती. न उडालेल्या काडतुसावर नखाने दाबल्यासारखा उथळ ओरखडा होता. चेंबरमध्ये मेण आणि काजळी साठल्यामुळे काडतूस शेवटपर्यंत आत बसले नव्हते आणि पिनेचा जोर ते पुढे ढकलण्यातच खर्ची पडला होता. मी तीन आठवड्यांत एकदाही चेंबर साफ केले नव्हते. हे कळल्यावर लाज थोडी वाढली आणि भीती बरीच कमी झाली, कारण ज्याचे कारण सापडते त्याचे काही करता येते.

१० फेब्रुवारीच्या वर्गात आम्ही सात जण होतो. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितले, की बिघाडांची नावे पाठ करू नका, कान आणि हात काय सांगतात ते ओळखा. चाप ओढल्यावर 'टिक' झाली आणि पुढे काहीच झाले नाही, तर काडतूस फुसके असेल किंवा ते उशिरा पेटणारे असेल. नेहमीपेक्षा बारीक, बसका आवाज आला आणि झटका कमी बसला, तर दारू अर्धवट जळाली आहे आणि गोळी नळीतच अडकलेली असू शकते. चाप नुसताच मऊ लागला आणि 'टिक'ही झाली नाही, तर स्लाइड पूर्ण बंद झालेली नसेल, घोडा (पिनेवर आदळणारा हातोडा) चढलेला नसेल किंवा सुरक्षा-खटका लावलेला राहिला असेल. तिन्ही वेळा पहिली कृती एकच: बोट चापावरून काढून चापकड्याच्या बाहेर सरळ ठेवायचे आणि नळी लक्ष्याकडेच राहू द्यायची.

उशिरा पेटणाऱ्या काडतुसाला हँगफायर म्हणतात. आजच्या चांगल्या काडतुसांत हा प्रकार दुर्मीळ आहे आणि उशीर झाला तरी तो बहुधा सेकंदाच्या काही अंशाचाच असतो. तरीही किमान ३० सेकंद थांबायचे, कारण बाहेरून पाहून फुसके कोणते आणि उशिराचे कोणते हे कोणालाही सांगता येत नाही. नळीत आणि बंद चेंबरमध्ये ते पेटले तर गोळी समोरच्या मातीच्या बांधात जाईल. घाईने स्लाइड उघडून बाहेर काढताना पेटले तर पितळेच्या चिंध्या हातावर आणि तोंडावर येतील. न उडालेल्या फटाक्यावर वाकून पाहू नये, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. तो फटाका हातात धरून समोर रोखून उभे राहायचे आहे, एवढाच काय तो फरक. बाईंनी घड्याळ लावून आम्हाला तसे उभे केले. हात लांब करून, रिकामे पिस्तूल धरून ३० सेकंद म्हणजे किती असतात, हे तिथे कळले. विसाव्या सेकंदाला माझा खांदा थरथरू लागला. दोन्ही हातांनी धरले तरी चालते, कोपर थोडे वाकवले तरी चालते, पण नळीची दिशा बदलता कामा नये, असे त्यांनी सांगितले. मनातल्या मनात मोजताना आपण घाई करतो, म्हणून ओठ हलवून मोजावे, हा त्यांचा सल्ला मला फार उपयोगी पडला.

फुसक्या बाराबद्दल, म्हणजे दारू अर्धवट जळून येणाऱ्या बसक्या आवाजाबद्दल, त्या सर्वांत जास्त वेळ बोलल्या. आपल्याकडे हा शब्द थट्टेने वापरतात, पण पिस्तुलाच्या बाबतीत 'टिक'पेक्षा हा बसका आवाज अधिक घातक ठरू शकतो. 'टिक' झाली की माणूस आपोआप थांबतो. बारीक का होईना आवाज झाला, की कानांवर आवाज रोखणारे संरक्षक असल्याने तो नेहमीचाच वाटतो आणि बोट दुसऱ्यांदा चाप ओढते. पहिली गोळी नळीत बसलेली असताना मागून दुसरी आली, तर नळी फुगते किंवा फुटते. त्यांनी टेबलावरून एक जुनी, कापून वेगळी केलेली नळी आमच्या हातांत फिरवली. पाहताना ती अगदी सरळ दिसत होती. डोळे मिटून अंगठा फिरवला, तेव्हा मधल्या भागात अंगठीसारखा एक उंचवटा लागला, गव्हाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी. त्या उंचवट्यावर मी बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. आवाजाबद्दल शंका आली तरी सराव थांबवायचा, ३० सेकंद थांबून शस्त्र रिकामे करायचे आणि नळी मोकळी असल्याची खात्री साफसफाईच्या सळईने किंवा चेंबरच्या बाजूने प्रकाशात पाहून करून घ्यायची. नळीच्या तोंडातून आत कधीही पाहायचे नाही. गोळी अडकलेली असेल तर ती ठोकून काढण्याचे काम आपले नव्हे, शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याचे.

रिकामे करण्याचा क्रम साधा आहे आणि नेमका तोच चुकतो. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची. उलट केले तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते आणि शस्त्र रिकामे झाले असे समजणारा माणूस भरलेले शस्त्र हातात घेऊन उभा असतो. स्लाइड ओढताना खिडकीवर तळहात धरून काडतूस झेलण्याची हौस कित्येकांना असते. बाहेर फेकणारा दांडा काडतुसाच्या बुडावर आपटून ते हातातच फुटू शकते, म्हणून ते खाली पडू द्यायचे आणि अधिकारी सांगतील तेव्हाच उचलायचे. मोठ्या पिस्तुलांत करंगळीचे टोक घालून चेंबर तपासतात. पॉइंट टू-टूचे चेंबर जेमतेम पावणेसहा मिलिमीटरचे, त्यात करंगळी जात नाही. म्हणून दिव्याच्या प्रकाशात डोळ्यांनी पाहायचे, दुसऱ्याला दाखवायचे आणि चेंबर रिकामे असल्याची खूण म्हणून रंगीत प्लॅस्टिकचा निशाणदोरा त्यात घालून शस्त्र टेबलावर ठेवायचे.

खिडकीत उभी अडकलेली पुंगळी, तिरके चढलेले काडतूस, एकामागोमाग दोन काडतुसे चेंबरकडे घुसून झालेला जाम हे प्रकार दिसायला भयंकर पण हाताळायला त्या मानाने सरळ असतात. एक इशारा मात्र मी वहीत दोनदा अधोरेखित केला आहे: अडकलेले जिवंत काडतूस चाकूने, स्क्रू-ड्रायव्हरने किंवा किल्लीने उचकटायचे नाही. या काडतुसाची संपूर्ण कड ठिणगी देणारी असल्यामुळे कुठेही टोचले तरी ते पेटू शकते. हाताने सहज निघत नसेल, तर नळी समोर ठेवून मोकळा हात वर करायचा आणि थांबायचे.

वर्गातल्या एका तरुणाने विचारले, की मोबाइलवरच्या चित्रफितींत तर मॅगझिनवर थाप मारून, स्लाइड खेचून लगेच पुढची गोळी झाडतात, ते कसे? बाई म्हणाल्या, "त्यांच्या समोर गोळी झाडणारा माणूस असतो, तुमच्यासमोर कागद आहे. कागदाला घाई नसते." मला हे उत्तर पुरेसे वाटले. पोलीस आणि सैनिक तो धोका पत्करतात, कारण थांबणे त्यांना अधिक महागात पडेल. आपल्याला थांबण्याची किंमत फार तर पाच गोळ्यांच्या एका मालिकेची पडते.

दुपारी बनावट काडतुसांचा सराव झाला. बाई आमच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एखादे बनावट मिसळायच्या आणि मागे उभ्या राहायच्या. बनावट काडतुसावर 'टिक' होताच माझ्या पिस्तुलाचे तोंड बोटभर खाली गेलेले मला स्वतःला दिसले. झटका बसणार म्हणून हात आधीच दचकत होता. चार महिने माझ्या गोळ्या केंद्राच्या खाली का लागत होत्या, याचे उत्तर मला नेम शिकवण्याच्या नव्हे, तर बिघाडाच्या वर्गात मिळाले.

परीक्षा २४ फेब्रुवारीला होती. लेखी परीक्षेत २० प्रश्न होते आणि ते अवघड नव्हते. प्रात्यक्षिकात बनावट काडतुसांवर सहा प्रसंग होते आणि तिसऱ्या प्रसंगात मी नापास झाले. 'टिक' झाली, मी नळी समोर ठेवली, ३० पर्यंत मोजले आणि मग, इतका वेळ काही बिघडले नाही या समाधानात, स्लाइड आधी ओढली. मॅगझिन आतच होते. खाली पडलेल्या लाल बनावट काडतुसाकडे मी पाहत असताना दुसरे लाल काडतूस चेंबरमध्ये बसल्याचा आवाज माझ्यासकट परीक्षकांनीही ऐकला. पुनर्परीक्षा ९ मार्चला, निम्म्या शुल्कात.

मधले तेरा दिवस मी रोज सकाळी दहा मिनिटे रेंजच्या कोरड्या सरावाच्या खोलीत जात असे. त्या खोलीत जिवंत काडतूस नेता येत नाही. दारावरच पिशवी आणि खिसे तपासतात, आणि घरी सराव करणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. पॉइंट टू-टूमध्ये रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढल्यास पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ दबण्याची शक्यता असते, म्हणून बनावट काडतूस घालून किंवा पुस्तिकेत तशी मुभा असेल तरच हा सराव करावा. मी क्रम मोठ्याने म्हणत असे: "बोट, नळी, तीस, मॅगझिन, स्लाइड, डोळे." खोलीतला शिपाई पहिल्या दिवशी हसला, आठव्या दिवशी मी 'डोळे' म्हणायला विसरले, तेव्हा त्यानेच ते म्हटले.

९ मार्चला सहाही प्रसंग पार पडले. कार्डावर नवा शिक्का मिळायला आणखी चार दिवस लागले, कारण सही करणारे सचिव रजेवर होते. कार्डाची एक प्रत रेंजवर, एक प्रशिक्षकांकडे आणि एक स्वतःजवळ ठेवावी, कारण स्पर्धेच्या प्रवेशअर्जाला तीच जोडावी लागते.

या काळात पिस्तूल दुरुस्तीला दिले होते. तीन आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत दोनच गोष्टी होत्या: पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखाली साठलेली काजळी काढली आणि एका मॅगझिनची स्प्रिंग बदलली. खर्च काडतुसांच्या एका डब्यापेक्षा कमी होता. पुंगळी अडकण्याचे किंवा काडतूस तिरके चढण्याचे मूळ पुष्कळदा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत किंवा दमलेल्या स्प्रिंगमध्ये असते, म्हणून मी आता दोन्ही मॅगझिनांवर १ आणि २ असे क्रमांक रंगवले आहेत. बिघाड झाला की कोणते मॅगझिन होते ते वहीत लिहिते. दर सरावानंतर चेंबर आणि आकडा ब्रशने साफ करते. तेल मात्र अगदी थेंबभर देते, कारण जास्त तेलात काजळी चिकटून लगदा होतो आणि तेच तेल काडतुसात झिरपले तर ते फुसके निघू शकते.

१८ मे रोजी क्लबची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा झाली. अचूकतेच्या टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात, तिथे काही घडले नाही. जलद टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद समोर येते, ७ सेकंद वळते आणि असे पाच वेळा होते. दुसऱ्या मालिकेच्या तिसऱ्या गोळीला 'टिक' झाली. लक्ष्य वळले, पुन्हा समोर आले, पुन्हा वळले. शेजारच्या लेनमधून बार होत राहिले. स्पर्धेत खेळाडूने स्वतः स्लाइडला किंवा सुरक्षा-खटक्याला हात लावला, तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे नियम आणि सुरक्षितता इथे एकाच बाजूला असतात. मी बोट बाहेर काढले, डावा हात वर केला आणि ओठ हलवून मोजू लागले. बावीसच्या आसपास कपाळावरचा घाम डाव्या डोळ्यात गेला आणि चुरचुरला. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

अधिकारी आले, त्यांनी तिसापर्यंत स्वतःही मोजले आणि मग पिस्तूल माझ्या हातून घेऊन तपासले. काडतुसाच्या कडेवर खूण खोल आणि स्वच्छ होती, म्हणजे या वेळी दोष काडतुसाचा होता. त्यांनी टेबलावर तीच जाड वही उघडली. बिघाडाचे स्वरूप: काडतूस न उडणे, ग्राह्य. खेळाडूची कृती या रकान्यात त्यांनी क्षणभर पेन थांबवले आणि "काही नाही" असे लिहिले. मी सही केली, लॉट क्रमांक माझ्या वहीत उतरवला, त्या डब्यातली उरलेली काडतुसे बाजूला ठेवली आणि राहिलेल्या गोळ्या झाडायला पुन्हा लेनवर उभी राहिले.